जुन्या जीपचा ऑइल बाथ फिल्टर काढून कागदी बसवावा का?

ऑइल बाथ म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ वाटीतल्या तेलात अडकवणारा फिल्टर. जीप सीजे-३बी मॉडेलची असेल तर तो अजिबात काढू नका. जळगाव-धुळ्याकडचा फुफाटा उन्हाळ्यात कागदी फिल्टर पटकन चोंदवतो आणि दर वेळी नवा घ्यावा लागतो. ऑइल बाथ धुतला की झालं.

क्लिप सोडवून खालची वाटी उतरवा, तेल ओतून टाका. तळाशी बोटाला चिखल लागला तर समजा, उशीर झालाय. वाटी आणि वरची जाळी रॉकेलमध्ये धुवा (रॉकेल आता मिळतं कुठे, डिझेल चालेल). जाळी पूर्ण निथळू द्या. मग इंजिनात घालता तेच तेल, वाटीतल्या खुणेपर्यंतच. जादा तेल इंजिन ओढून घेतं, धूर निघतो. डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर ते बेफाम सुटू शकतं, मग किल्ली फिरवूनही बंद होत नाही.

खरी गोम रबरी नळीत असते. ती तडकली असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल तर धूळ फिल्टर चुकवून थेट कार्बोरेटरमध्ये जाते, मग वर कोणताही फिल्टर लावा. नळी काढून आत बोट फिरवा. धूळ लागली तर आधी नळी आणि गॅस्केट बदला.

शेतरस्त्यावर गाडी असेल तर वाटी दर आठवड्याला बघा.