सांगलीत घरून लेबल आणि पाकिटांच्या डिझाइनचं काम करतो. ऑनलाइन जाहिरात न करता गिऱ्हाईक कसं मिळवायचं?

तुम्ही लेबल आणि पाकिटं करता असं लिहिलंय, म्हणून त्या कामापुरतंच सांगतो. मीही इथे तेच करतो.

पेपरात पॅम्प्लेट टाकायच्या भानगडीत पडू नका. क्लासवाल्याला, नव्या हॉटेलला ते चालतं, त्यांचं गिऱ्हाईक घरोघरी असतं. पाकीट करून घेणारा मात्र पाकिटाच्या आधी छपाईवाल्याकडे, पाऊच विकणाऱ्याकडे किंवा अन्नपरवान्याचे फॉर्म भरून देणाऱ्याकडे जातो. या तिघांकडे बसणं-उठणं ठेवा. छपाईवाल्याला तर तुमची गरजच असते. लोक व्हॉट्सॲपवरचा पुसट लोगो घेऊन येतात आणि काम अडून राहतं. अशी फाइल लगेच नीट करून द्या, पण पैसे घेऊन. फुकटाची सवय लागली की मोडत नाही. कमिशनचं बोलणंही आधीच उरकून घ्या.

थेट दुकानात जायचं असेल तर त्यांचंच पाकीट विकत घेऊन वाचा. घरगुती हळद, चटणी, बेदाणा विकणाऱ्यांच्या पाकिटावर बऱ्याचदा काहीतरी राहिलेलं असतं: अन्नपरवान्याचा 14 आकडी एफएसएसएआय नंबर, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, एमआरपी, नाहीतर तक्रारीसाठीचा फोन. दुकानात गर्दी नसताना हळूच सांगा, ‘दादा, एवढं राहिलंय.’ चारचौघांत बोललात तर काम गेलंच म्हणून समजा. मला सगळ्यात जास्त कामं याच वाटेनं आली.

मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात असताना सौद्याच्या वेळी जाऊ नका, कुणी मान वर करून बघत नाही. दिवाळीच्या पाकिटांचा विषय आषाढातच काढा, कारण नंतर छापखाने गणपती मंडळांच्या पावतीपुस्तकांत अडकतात. मंडळाच्या अहवालात जाहिरात द्यायची तर संबंध राखायला द्या, त्यातून काम येईल ही आशा नको. चौकातल्या फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते आणि त्यावर आधीच नेत्यांचे वाढदिवस असतात.

कार्ड मराठीत छापा. ‘क्रिएटिव्ह सोल्यूशन्स’ वाचून यार्डातल्या दिवाणजींना काही कळत नाही. ‘लेबल, पाऊच, खोक्याचं डिझाइन’ एवढं पुरे. बेदाण्याची खोकी करणार असाल तर ती कार्डं घेऊन तासगावलाही एक फेरी मारा.