खासगी कंपन्या अंतराळात नेमकं नवीन काय करतायत, आणि जालन्याच्या डिप्लोमावाल्या पोराला तिथं जागा आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाचा जालन्यात मेकॅनिकल डिप्लोमाला आहे आणि रॉकेट बनवणाऱ्या खासगी कंपनीतच जायचं म्हणून हट्टाला पेटलाय. घरातले म्हणतात, हे अब्जाधीशांचे खेळ, आपल्याकडच्या पोरानं त्या नादाला लागू नये. तुमचा प्रश्न असा की या कंपन्या खरोखर काही नवीन करतात का, आणि मराठवाड्यातल्या मुलाला त्यात शिरकाव आहे का.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. बरंचसं काम गाड्यांच्या पार्टचं, पण काही वर्षांपासून एअरोस्पेसचे, म्हणजे विमान-रॉकेटचे, जॉबही (मशीनवर करायचे पार्ट) येतात. त्यामुळे माझ्या टेबलावरून जे दिसतं त्यावरून सांगतो. पोरगा बघतोय ती दिशा बरोबर आहे. कुठलं दार ठोठवायचं, एवढं मात्र त्यानं नीट ठरवायला हवं.

आधी नवीन काय ते. रॉकेट एकदा उडायचं आणि संपायचं, अशीच अनेक दशकं गेली. खालचा टप्पा समुद्रात, वरचा तिकडेच. अमेरिकेच्या स्पेस शटलनं परत येऊन दाखवलं होतं, पण दर खेपेनंतरची डागडुजी इतकी महाग आणि वेळखाऊ पडायची की बचत काही हाती लागली नाही. आता गंमत अशी की रॉकेटच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा किरकोळ असतो. पैसा जातो तो इंजिनं, टाक्या, पंप, झडपा यांच्यात, म्हणजे मशिनिंग, वेल्डिंग आणि तपासणीत. स्पेसएक्स या अमेरिकेतल्या खासगी कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटच्या खालच्या टप्प्यात एकट्यात नऊ इंजिनं असतात. ती दर वेळी समुद्रात टाकून द्यायची, हा हिशेब कुठल्याही शॉपवाल्याला पटणारा नाही.

स्पेसएक्सनं हा टप्पा पहिल्यांदा जमिनीवर उभा उतरवला तो डिसेंबर २०१५ मध्ये. मार्च २०१७ मध्ये एक वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. आज त्यांचे काही टप्पे तीसपेक्षा जास्त वेळा उडून आलेत, आणि २०२४ या एका वर्षात त्यांनी शंभराच्या वर उड्डाणं केली. याच कंपनीचं पहिलं छोटं रॉकेट, फाल्कन १, लागोपाठ तीन वेळा फसलं होतं आणि सप्टेंबर २००८ मध्ये चौथ्या खेपेला कक्षेत पोचलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर स्टारशिप या त्यांच्या नव्या रॉकेटचा प्रचंड खालचा टप्पा त्यांनी लाँच टॉवरच्या दोन लोखंडी हातांत अलगद झेलला. ते चित्रीकरण भाच्यानं पाहिलंच असेल, तुम्हीही पाहा.

न्यूझीलंडमधून उडणाऱ्या रॉकेट लॅबची वाट वेगळी. त्यांचं इलेक्ट्रॉन रॉकेट लहान आहे, इंजिनाचे मुख्य भाग थ्रीडी प्रिंटिंगनं होतात आणि इंधनाचे पंप बॅटरीवर चालतात. मोठ्या रॉकेटवर इतरांबरोबर जागा घेतली तर ती एसटी, ठरलेल्या थांब्यावरच सोडणार. इलेक्ट्रॉन म्हणजे आपल्या दारात येणारी रिक्षा, भाडं जास्त पण हव्या त्या कक्षेत नेऊन सोडणारी. लहान उपग्रहवाल्यांना दोन्ही लागतात. श्रीमंतांना काही मिनिटं वर नेऊन आणणारी उड्डाणंही झालीत हे खरं, पण या धंद्याचा तो एक कोपरा आहे. बातम्यांत तोच जास्त दिसतो म्हणून घरच्यांचा तसा समज झालाय.

आता आपल्या देशाकडे येऊ. २०२० मध्ये केंद्र सरकारनं हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं, त्यांना परवानगी आणि मदत देण्यासाठी इन-स्पेस ही संस्था उभी केली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं. त्याआधी इस्रोला पार्ट पुरवणारे खासगी कारखाने होतेच. गोदरेजनं विक्रोळीत इंजिनं केली, पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरात रॉकेटच्या मोटारींचे केसिंग झाले. पण ड्रॉइंग इस्रोचं आणि रॉकेटही इस्रोचं. आता रॉकेटच कंपनीचं असतं. हैदराबादच्या स्कायरूटनं १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून विक्रम-एस उडवलं. ते जवळपास ९० किलोमीटर उंची गाठून समुद्रात उतरलं, कक्षेत जाण्यासाठी ते नव्हतंच. आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेल्या चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ रोजी, श्रीहरिकोट्यातल्याच पण स्वतः उभारलेल्या लाँचपॅडवरून, अग्निबाणचं चाचणी उड्डाण केलं.

या अग्निकुलच्या इंजिनाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या भाच्याच्या कामाची गोष्ट तिथं आहे. रॉकेटच्या ज्वलनकक्षात तापमान तीन हजार अंशांच्या आसपास जातं. एवढ्या तापात टिकेल असा कुठलाही नेहमीचा धातू नाही. म्हणून कक्षाच्या भिंतीच्या आतूनच बारीक नाल्या काढतात आणि इंधन जळण्याआधी त्या नाल्यांतून फिरवतात. इंधन भिंतीचा ताप उचलतं, भिंत वाचते. जुन्या पद्धतीत अशी भिंत करायची म्हणजे कितीतरी नळ्या एकमेकींना ब्रेझिंगनं (मध्ये दुसरा धातू वितळवून) जोडायच्या किंवा नाल्या कोरून त्यावर दुसरा थर बसवायचा. जोड जितके जास्त, तितक्या गळतीच्या जागा जास्त, आणि प्रत्येक जोडाची तपासणी वेगळी. अग्निकुलनं अख्खं इंजिन एका तुकड्यात छापलं. धातूची पूड पसरायची, लेसरनं हवी तिथं वितळवायची, पुन्हा पूड, पुन्हा लेसर. नाल्या आपोआप भिंतीच्या पोटात तयार होतात आणि जोड उरत नाही.

हे ऐकून पोरांना वाटतं की आता मशिनिंग संपलं. उलट आहे. छापलेला जॉब मशीनमधून निघतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो. जिथं सील बसणार, जिथं थ्रेड येणार, जिथं दुसरा पार्ट घट्ट बसणार, ते सगळे फेस आणि बोअर पुन्हा मशीनवर चढवूनच काढावे लागतात. आणि एकेका जॉबची किंमत एवढी असते की तिथं रिजेक्शन परवडत नाही. आकार असा वेडावाकडा की पकडायला सरळ कड सापडत नाही. फिक्स्चर, म्हणजे जॉब धरून ठेवणारी पकड, कशी करायची, झीरो, म्हणजे माप सुरू करायचा बिंदू, कुठून घ्यायचा, याचा विचार करणारा माणूस लागतोच, आणि तो माणूस डिप्लोमावाला किंवा आयटीआयवाला असतो.

एक साधं उदाहरण देतो. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा जगभरचा दंडक आहे. आता आपल्याकडचा मे महिना घ्या. शेडमध्ये पत्रा तापलेला, आत बेचाळीस अंश. २०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा जॉब या बावीस अंशांच्या फरकानं साधारण १०० मायक्रॉननं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, २० मायक्रॉनचा. मशीनवर कॅलिपर लावून ‘बरोबर आहे साहेब’ म्हणणारा ऑपरेटर खोटं बोलत नसतो, पण तो जॉब एसीच्या खोलीत रात्रभर ठेवून सीएमएमवर, म्हणजे अचूक मापं घेणाऱ्या मशीनवर, घेतला की नापास होतो. टायटॅनियमची तऱ्हा आणखी वेगळी. तो उष्णता पटकन वाहून नेत नाही, सगळा ताप इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या पात्याच्या, टोकाशी साचतो. स्पीड वाढवलं की इन्सर्ट गेलं, कूलंट कमी पडलं तर बारीक चिपा पेट घेऊ शकतात. हे ज्याच्या हाताला आणि डोळ्याला कळतं, त्याला रॉकेटवाले शोधत असतात.

दुसरी गोष्ट कागदाची. तुमच्या जालन्यात सळईच्या कारखान्यांमुळे हीट नंबर, म्हणजे धातू वितळवलेल्या खेपेचा क्रमांक, हा रोजचा शब्द आहे. एअरोस्पेसमध्ये तो नंबर कच्च्या बारपासून तयार पार्टपर्यंत सोडायचा नाही. बार कापला की प्रत्येक तुकड्यावर नंबर परत टाकायचा, मगच पुढं. कुठल्या मशीनवर, कुणी, कुठल्या तारखेला, कुठलं गेज लावून मोजलं, सगळं नोंदलेलं हवं. आमच्याच भागातल्या एका शॉपची पार्ट मापात असूनही अख्खी लॉट परत आली, कारण मधल्या काही तुकड्यांवरचा नंबर पुसला गेला होता. मला यात जाच वाटत नाही. वर गेलेला पार्ट परत काढून बघता येत नाही, तेव्हा खाली असतानाच त्याचा पत्ता लागायला हवा.

शेतकरी घरातल्या माणसाला यातून काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण जालन्यात तो प्रश्न निघणारच. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात इस्रोनं आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा शेवटचा टप्पा टाकून न देता प्रयोगांसाठी फिरता ठेवला आणि त्यावर बाहेरच्या कंपन्या व कॉलेजांनाही जागा दिली. त्याच टप्प्यावर इस्रोच्या एका छोट्या पेटीत चवळीच्या बियांना चौथ्या दिवशी मोड आले. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये तीन उपग्रह सोडले, ते प्रकाशाचे शंभराहून जास्त बारीक पट्टे वेगवेगळे टिपतात. पान डोळ्याला पिवळं दिसायच्या आधीच त्याच्या परावर्तनात फरक पडतो, तो असा पकडता येतो. सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला की काय होतं हे मी सांगायला नको.

पण इथं एक अडचण आहे, आणि कंपन्यांची जाहिरात ती सांगत नाही. आपलं खरीप पावसाळ्यात असतं आणि ढगाआडून असा कॅमेरा काही बघू शकत नाही. तिथं रडारचे उपग्रह लागतात, ढग असो की रात्र, त्यांना फरक पडत नाही. फिनलंडच्या आइसआय या खासगी कंपनीनं असे लहान रडार उपग्रह करून दाखवले, युरोपचा सेंटिनेल उपग्रह तर ही माहिती फुकट देतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, जालना, परभणीकडे पाण्यानं जे केलं, तेव्हा कुठल्या गटात किती दिवस पाणी उभं होतं हे रडारच्या चित्रावरून काढता येणं शक्य होतं. पंचनाम्याला तलाठी यायची वाट बघणाऱ्या माणसासाठी याचं मोल मोठं आहे. ही चित्रं वाचून गटनिहाय नकाशा करून देणारी मुलं आपल्याच जिल्ह्यांत तयार व्हावीत, असं मला फार मनापासून वाटतं. परभणीला कृषी विद्यापीठ आहे. हे काम तिथून का होऊ नये?

इंटरनेटचं म्हणाल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं स्टारलिंकशी, म्हणजे स्पेसएक्सच्याच उपग्रह-इंटरनेट सेवेशी, इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीमबरोबर आपला धाराशिवही आहे. बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना रेंज मिळाली तर चांगलंच. मात्र फिरत्या उपग्रहांपैकी निम्म्याहून जास्त आजच या एका कंपनीचे आहेत, आणि एवढा ताबा एका मालकाच्या हातात असणं मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडच्या कंपन्या उभ्या राहणं म्हणूनही गरजेचं आहे.

घरच्यांची भीती अगदीच निराधार नाही. रिचर्ड ब्रॅन्सनची व्हर्जिन ऑर्बिट, विमानाच्या पंखाखालून रॉकेट सोडणारी, काही यशस्वी उड्डाणं करूनही २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशावर चालतात, तो आटला की नोकऱ्या जातात. म्हणून भाच्यानं कंपनीच्या नावामागं धावू नये, हातातलं काम धरावं. पाच अक्षांच्या मशीनचं सेटिंग, सीएमएम प्रोग्रॅमिंग, टिग वेल्डिंग, अल्ट्रासॉनिक किंवा एक्स-रेनं करायची तपासणी, यातलं कुठलंही एक खोलवर आलं तर एक कंपनी बंद पडली तरी विमानवाले, संरक्षणवाले, गाड्यावाले कुणीही घेतं.

डिप्लोमा झाल्यावर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमचे कोर्स त्यानं जरूर बघावेत. ड्रॉइंगवरची जीडीअँडटीची (आकारात आणि जागेत किती फरक चालेल ते सांगणारी) चिन्हं आत्तापासून शिकावीत. मुलाखतीत आम्ही तेच आधी विचारतो आणि तिथंच बहुतेक मुलं अडतात. इस्रोमध्ये डिप्लोमावाल्यांसाठी टेक्निकल असिस्टंटची भरती निघते, तिच्यावर लक्ष ठेवावं, पण तेवढ्यावरच वर्षं घालवू नयेत. आणि मुंबई-पुण्याकडेच बघायची सवय इथं कामाची नाही. स्कायरूट हैदराबादेत, उपग्रह बनवणारी ध्रुव स्पेसही हैदराबादेत, त्यांना पार्ट देणारी बरीच छोटी शॉप त्याच परिसरात. देवगिरी एक्स्प्रेस जालन्यावरून थेट त्याच बाजूला जाते. पहिली नोकरी रॉकेट कंपनीत नाही मिळाली तर अशा एखाद्या पार्ट देणाऱ्या शॉपमध्ये मिळवावी. तिथून आत जाणारी मुलं मी पाहिलीत.

‘रॉकेट सायन्सचं सर्टिफिकेट’ म्हणून ऑनलाइन हजारो रुपये घेणारे कोर्स निघालेत. आमच्याकडे अर्ज येतात तेव्हा त्या कागदाकडे कुणी बघत नाही. तेवढ्या पैशात एक चांगला मायक्रोमीटर येतो, तो घ्यायला सांगा. आणि त्याच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालू आहे की नुसतं झाकून ठेवलंय, ते कळवा. झाकलेलं असेल तर सुट्टीत हात बसवायला कुठं जाता येईल ते मी बघून सांगतो.