आजोबांची 1968 ची फियाट फक्त रॅलीपुरती ठेवावी की रस्त्यावर चालवावी?

चालवा. कव्हर घालून वर्षभर झाकून ठेवायची आणि रॅलीच्या दिवशी ट्रकवरून आणून उतरवायची, अशी गाडी मला बघवत नाही, मग क्रोम कितीही चमको.

आमच्याकडे बाबांची फियाट डिलाइट आहे, तुमच्यासारखीच, 1089 सीसी, स्टिअरिंगवरचा गिअर. एका एप्रिलमध्ये भर दुपारी पाचगणीला निघालो होतो, मागून मेहुणे त्यांच्या नव्या गाडीत, आणि पसरणी घाटात निम्म्यात आमची गाडी आचके देत बंद पडली. मेहुणे गाडीतून उतरता उतरताच सुरू झाले, "तरी म्हणत होतो, मारुतीचं इंजिन टाका, एसी बसवा, नाहीतर शेडमध्ये ठेवा शोभेला." आता फियाट चालवलेल्या कुणालाही माहीत असतं की चढाला पेट्रोल पंप तापला की आत पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरला, म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाला, पेट्रोल पोचतच नाही. बॉनेट उघडलं, फडकं बाटलीतल्या पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळलं, ते बघता बघता गरम झालं, परत भिजवलं. बाबा तोवर कठड्यावर बसून निवांत चहा पीत होते, त्यांना काही नवीन नव्हतं. मग पंपाची छोटी दांडी हाताने दाबून पेट्रोल चढवलं, सेल्फ मारला, लागली गाडी! पाचगणीपर्यंत पुन्हा कुठे थांबली नाही. मेहुण्यांचं म्हणणं तरी बदललं नाही, आजही प्रत्येक लग्नकार्यात तोच विषय.

पण इंजिन बदललं की ती फियाट राहतच नाही, आणि हे फक्त माझं मत नाही. 2021 च्या केंद्राच्या नियमात 50 वर्षांपुढची गाडी व्हिंटेज धरतात ती मूळ रूपात असेल तरच, इंजिन, चासी, बॉडीत मोठे फेरफार केले की संपलं. मेहुण्यांना मी तो नियम प्रिंट काढून दिलाय.

आणि जुन्या गाडीला रस्ता झेपत नाही म्हणणाऱ्यांनी लंडन-ब्राइटनची रन बघावी, 1905 च्या आधीच्या गाड्या नोव्हेंबरच्या थंडीत साधारण 60 मैल स्वतःच्या चाकांवर जातात. आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात त्या जुन्या मॉडेलचंच भावंड, 1100 टीव्ही, इटलीत मिले मिल्या या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळालंय. ही पळायला बनवलेली गाडी आहे हो!

व्हीए नंबरचं, म्हणजे व्हिंटेज गाडीच्या खास नोंदणीचं म्हणाल, तर रोज फिरवायची असेल तर घेऊ नका. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, आणि मग गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. त्यापेक्षा आहे तेच आरसी दर 5 वर्षांनी रिन्यू करत राहा.

एक राहिलं. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) खराब होतो, ते आधी बदलून घ्या, गळतं पेट्रोल तापलेल्या इंजिनवर पडलं तर आग लागेल. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, तेव्हा पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा आणि घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, न्यूट्रल कधीही नाही.