कुंडीतून खाली येणाऱ्या पाण्याचा टीडीएस 1800 येतो. खत कमी करू की माती बदलू?

तुम्ही लिहिलंय की म्हापशाला गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत, कोकोपीट आणि लाल माती निम्मी निम्मी, पाणी घातलं की खालून कोऱ्या चहासारखं पाणी येतं आणि आरओसाठी घेतलेल्या टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या) मीटरवर ते 1800 दाखवतं. खत वाहून जातंय की साचतंय, हा तुमचा प्रश्न. मी फोंड्याला राहते, कुंड्या चाळीसच्या घरात, आणि माझ्याकडेही मीटर आला तो असाच आरओच्या निमित्ताने.

आधी तो 1800 तपासून घेऊ. हा मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच तो बघतो (त्याला ईसी म्हणतात) आणि त्याला एका गुणकाने गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती) दाखवतो. काही मीटरांचा गुणक 0.5, काहींचा 0.7. म्हणजे तुमचे 1800 एकावर ईसी 3.6 (मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर) ठरतात आणि दुसऱ्यावर 2.6. कुंडीतल्या रोपाला हा फरक चांगलाच जाणवतो. तुमचा मीटर कुठला ते घरीच कळेल: पाच लिटर आरओच्या पाण्यात पाच ग्रॅम मीठ विरघळवा आणि बुडवून बघा. हजाराच्या आसपास आला तर 0.5 वाला, चौदाशेच्या आसपास आला तर 0.7 वाला. सोनाराकडचा काटा मिळाला तर उत्तम, नाहीतर पोह्यांचा चमचा सपाट भरून अंदाजे चालेल. दोन्ही उत्तरांत अंतर बरंच आहे.

आता पाणी कसं गोळा करता ते. बशीत कालपासून साचलेलं पाणी मोजत असाल तर तो आकडा सोडून द्या. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आकडा फुगतो. (शिवाय बशीत पाणी ठेवू नका, डेंग्यूचे डास त्यातच होतात.) गच्चीच्या लादीवरून ओघळलेलं पाणीही नको, सिमेंटचा चुना त्यात उतरतो आणि पीएच (आम्लता मोजायचा आकडा) खोटा वर जातो. मी काय करते सांगते. सकाळी नेहमीसारखं पाणी घालायचं, कुंडी पूर्ण भिजली पाहिजे. अर्धा-पाऊण तास थांबायचं. मग कुंडी दोन विटांवर ठेवून खाली स्वच्छ वाटी सारायची आणि वरून आरओचं किंवा पावसाचं पाणी अगदी हळू, सगळीकडे फिरवून घालायचं. सहा इंची कुंडीला साधारण 75 ते 100 मिली पुरतं. वाटीत 50 मिली आलं की बस. जास्त ओतलंत तर मुळांतलं पाणी पातळ होऊन येतं आणि सगळं छान असल्याचा भास होतो. ही पद्धत माझी नव्हे. नर्सरीवाले तिला पोअर-थ्रू म्हणतात. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचे तिचे तक्ते आहेत: कमी खाणाऱ्या झाडांना ईसी साधारण 1 ते 2.6, मध्यम खाणाऱ्यांना 2 ते 3.5, शेवंतीसारख्या खादाडांना 2.6 ते 4.6. हे आकडे मातीविरहित मिश्रणाचे आहेत, तुमच्यासारख्या निम्म्या मातीला ते ढोबळ धरा.

जे पाणी घालता तेही मोजा, हे लोक हटकून विसरतात. माझ्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, ते शंभराच्या आत असतं. तुमच्याकडे अस्नोड्याचं येत असेल तर काळजी नाही. पण खाजणाकाठच्या (भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीजवळच्या) विहिरीचं असेल तर एप्रिल-मेमध्ये जिभेला खारट लागेपर्यंत जातं, आणि मग खालच्या आकड्यात खत किती आणि समुद्र किती ते सांगता येत नाही.

मीटर क्षार कुठला तेही सांगत नाही, हे मी एका कढीपत्त्यावर शिकले. मागच्या दारी पत्र्याखाली एक मोठी कुंडी आहे. बाकीच्या कुंड्या 700-800 दाखवायच्या, ही 2200. पानांची टोकं करपलेली. मी खत बंद केलं, तरी आकडा हलेना. जून उजाडला, मासेमारी बंद झाली, आणि महिन्याभरात आकडा 900 वर आला. पत्र्याखाली पाऊस येत नाही, मग धुतलं कोणी? ऑगस्टमध्ये तो पुन्हा चढला तेव्हा एक दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभीच राहिले. सासूबाई बांगडे खडेमीठ चोळून धुवायच्या आणि ते पाणी "झाडाला चांगलं" म्हणून नेमाने त्याच कुंडीत ओतायच्या. मासळीच्या पाण्याचा गुण खरा आहे, मिठाचा अवगुणही खरा आहे. आता ते पाणी माडाच्या आळ्यात जातं. माडाला मीठ चालतं, त्यांनाही ते पटलं, कारण त्यांच्या माहेरी माडाला मीठ घालतच असत.

उलटही होतं. युरिया विरघळला तरी त्याला विद्युतभार नसतो, म्हणून मीटरला तो दिसतच नाही. मातीत फुटून अमोनियम झाल्यावर दिसतो. बाजारात 19:19:19 म्हणून (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम सारख्या प्रमाणात) जी पुडी मिळते तिच्यातला अर्ध्याहून जास्त नत्र बहुधा युरियाच असतो. म्हणजे आज पुडी घातली आणि उद्या आकडा कमी दिसला म्हणून परत घातली, की चौथ्या-पाचव्या दिवशी पानं करपणार. आणि तो चहाचा रंग? तो कोकोपीटचा आणि कुजलेल्या पाल्याचा, खताचा नाही. रंगावरून काहीच ठरवू नका. स्वस्त कोकोपीट नीट धुतलेलं नसेल तर त्यात मुळातच सोडियम-पोटॅशियम भरपूर असतं, नव्या कुंडीत पहिले काही आठवडे आकडा त्यानेच वर असतो. तुमच्या कुंड्या किती जुन्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. नव्या असतील तर मला पहिला संशय कोकोपीटचाच.

माती वाहून जातेय का हे मीटरवर कळत नाही, काचेच्या ग्लासात कळतं. खालचं पाणी ग्लासात रात्रभर ठेवा. तळाशी लाल गाळाची रेघ बसली तर माती जातेय. रंग तसाच राहिला आणि तळ स्वच्छ असला तर नाही. गाळ असेल तर भोकावर नारळाच्या सोडणाचा तुकडा बसवा, खापरीपेक्षा चांगला अडवतो.

मग तुमच्या 1800 चं काय? मीटर 0.7 वाला असेल आणि पानं ठीक असतील तर काहीच करू नका, आठवड्याने त्याच कुंडीचं त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. मी पाच कुंड्याच धरल्या आहेत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहिते. चाळीस कुंड्या मोजायचा उत्साह दोन आठवड्यांत संपतो. 0.5 वाला असेल, आकडा दर आठवड्याला चढत असेल आणि टोकं करपत असतील तर खत थांबवा आणि कुंडीच्या आकाराच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू एकदा ओतून धुऊन काढा. माती बदलायची मात्र गरज नाही.

पीएच पट्टीवर बघितला तरी पुरे, 5.5 ते 6.5 मध्ये असावा. जांभ्याची माती आम्लच असते, त्यामुळे आपल्याकडे तो सहसा वर जात नाही; सिमेंटच्या कुंडीत मात्र जातो, आणि मग कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. त्यावर नत्र घालून उपयोग नाही, तिथे लोह मिळत नसतं. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडली तर नत्राची शंका घ्या.

पावसाळ्यात सगळं उलटं. गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. उघड्यावरच्या कुंडीत नायट्रेट (नत्राचं विरघळणारं रूप) टिकतच नाही, मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत, ते पहिल्या झडीतच जातं. पोटॅशियम त्याच्या मागून. स्फुरद मात्र आपल्या लाल मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम घट्ट धरून ठेवतं, इतकं घट्ट की रोपालाही सहज देत नाही. माझ्या उघड्यावरच्या मिरच्या जुलैत 150 दाखवतात, म्हणजे जवळजवळ पावसाचंच पाणी. तेव्हा पुडी विरघळवून घालणं म्हणजे गटाराला खत घालणं. मी जूनच्या आधी गांडूळखत वरून पसरते, त्यावर सुका पाला, आणि जमतील त्या कुंड्या वळचणीला ओढते. पातळ खत चतुर्थीनंतर, ऊन पडायला लागलं की, तेही पुडीवर लिहिलंय त्याच्या निम्मं.

प्रयोगशाळेत माती द्यावी का असंही कोणीतरी खाली विचारलंय. द्यायला हरकत नाही, पण अहवालात नत्र-स्फुरद-पालाश हेक्टरी किलोत येतात. शेताला ते ठीक, फुटभर कुंडीला त्याचा हिशेब लावता लावता झाड वठेल.

मिठाच्या पाण्याची चाचणी करून मीटरचा गुणक, नळाच्या पाण्याचा आकडा आणि कुंड्या कधी भरल्या ते इथेच लिहा.