पाडव्याला ‘९ चैत्र’ कसा?

प्रश्न: आमच्या गावच्या देवस्थानासाठी मी मोबाइल ॲप लिहितोय. जावास्क्रिप्टमध्ये आयतं ‘इंडियन’ कॅलेंडर मिळालं, तेच लावलं. पण ३० मार्च २०२५ला, ऐन गुढीपाडव्याला, ॲपनं ‘९ चैत्र १९४७’ दाखवलं. माझं कुठे चुकलं?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: तुमचा कोड बरोबर आहे, कॅलेंडर वेगळं घेतलं गेलंय. लायब्ररीतलं ‘इंडियन’ म्हणजे भारत सरकारनं २२ मार्च १९५७ला लागू केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका. मेघनाद साहांच्या समितीनं ती सुचवली. ती निव्वळ सौर. तिचा चैत्र २२ मार्चला, लीप वर्षात २१ला सुरू होतो. चंद्र कुठेही असो. शक तोच, महिन्यांची नावंही तीच, त्यामुळे फसगत होते. तुम्हाला हवंय पंचांग.

चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्यानं तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते. म्हणून गेल्या वर्षीच्या तारखेत ३५४ दिवस मिळवून यंदाची तिथी काढू नका. अधिक महिना आला की अख्खा महिनाच निसटेल. २०२३मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता, मग निज श्रावण. डेटाबेसमध्ये महिन्याशेजारी ‘अधिक’चा वेगळा रकाना हवाच.

खरी मेख पुढे आहे. दिवसाची तिथी सूर्योदयाची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीही सुरुवातीला तोच नियम सरसकट लावला होता. एका संकष्टीचा मेसेज एक दिवस उशिरा गेला आणि शेजारच्या काकूंचा उपास चुकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा, असं त्या म्हणाल्या. फार लागलं मला ते. झालं असं होतं की, सूर्योदयाला तृतीया होती, पण चंद्रोदयाच्या आत चतुर्थी लागली होती. संकष्टीला चंद्रोदय बघायचा, गणेश चतुर्थीला मध्यान्ह, महाशिवरात्रीला मध्यरात्र, वर्षश्राद्धाला अपराण्ह, म्हणजे दुपारनंतरची वेळ. तेव्हा प्रत्येक नोंदीसोबत ‘तिथी कोणत्या वेळची’ हेही साठवा. सूर्योदय-चंद्रोदय तुमच्या गावाचाच घ्या. मुंबई आणि नागपूरच्या सूर्योदयातच साधारण पंचवीस मिनिटांचा फरक पडतो.

उत्तर भारतातला तयार डेटा घेणार असाल, तर वद्य पक्ष तपासा. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपली माघ वद्य चतुर्दशी तिथे फाल्गुन कृष्ण होते.

चाचणीसाठी देवळातल्या गुरुजींकडून जुनी पंचांगं मागून आणा. शके १९०४चं, म्हणजे १९८२-८३चं मिळालं तर सोडू नका. त्या वर्षी क्षयमास आला होता, म्हणजे एक चांद्र महिनाच गळाला होता. त्या वर्षाचे सगळे महिने तुमच्या प्रोग्रॅमनं बरोबर लावले, तर मला जरूर कळवा.