सोल फूडची 'खाणावळ' म्हणावी का?

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या 'पास्कल्स' या सोल फूड रेस्टॉरंटचा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीशी असलेला संबंध मराठीत लिहायचा आहे. 'सोल फूड'ला 'आत्मिक आहार' चालेल का? आणि रेस्टॉरंटला 'खाणावळ'?

'आत्मिक आहार' नकोच. वाचकाला वाटेल बिनकांद्यालसणाचं काही सात्त्विक असणार, आणि ताटात येईल तळलेली कोंबडी! इथला 'सोल' अध्यात्मातला नाही. १९६०च्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकनांनी हा शब्द आपलेपणाची खूण म्हणून मिरवला: सोल म्युझिक, सोल ब्रदर, तसंच सोल फूड. जेवण मात्र नावापेक्षा फार जुनं, गुलामगिरीच्या काळापासूनचं: कोलार्डची पालेभाजी, मक्याचा ब्रेड, आफ्रिकेतून आलेली चवळी. शब्द आहे तसा ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे दोन-तीन पदार्थ सांगा.

'खाणावळ'चा मोह मलाही होतो. जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी १९४७मध्ये छोटंसं दुकान टाकलं. तिथे चूल नव्हती, म्हणून रॉबर्ट घरी रांधायचे. दोघांकडे गाडी नाही, त्यामुळे जेवण टॅक्सीने यायचं. इथवर खाणावळ शोभते. पण १९५९मध्ये ते समोरच्या मोठ्या जागेत गेले, पाठोपाठ जॅझ क्लबही काढला. वंशभेदाचे नियम धाब्यावर बसवून काळे-गोरे तिथे एकत्र बसत. मार्टिन ल्यूथर किंग आणि सहकाऱ्यांच्या बैठका तिथेच व्हायच्या. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाची काही आखणीही तिथे झाली, असं सांगतात. आंदोलनात अटक झालेले विद्यार्थी सुटले की तिथे यायचे, त्यांना फुकट जेवण मिळे, आईवडील न्यायला येईपर्यंत रात्री उशिरापर्यंत दार उघडं असे. जामिनाचे पैसेही पास्कल बंधू भरत. उधारीची वही ठेवणारा खाणावळवाला आपल्या ओळखीचा आहे, जामीन भरणारा नाही.

'हॉटेल' आपल्या तोंडात बसलेलं, चहाच्या टपरीलाही आपण बिनदिक्कत लावतो. पण या भावांनी १९६७मध्ये शेजारी खरंच मोटेल, म्हणजे मुक्कामाचं हॉटेल, बांधलं, तेव्हा घोटाळा होणार. 'उपाहारगृह' वाचलं की एसटी स्टँड डोळ्यांपुढे येतो. मग 'रेस्टॉरंट'च बरं.

जाता जाता: मजकुरात 'सिट-इन' येईलच. त्याला 'धरणे' नको, 'ठिय्या' घ्या. गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर जाऊन बसायचं, ऑर्डर द्यायची, आणि उठवलं तरी उठायचं नाही.