मोजलेली भिंत, न विचारलेले कारण

प्रश्न : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. अभ्यासदौऱ्यात आम्ही मातीची जुनी घरे मोजली, त्यांचे नकाशे काढले. परत आल्यावर मात्र स्टुडिओत, म्हणजे आराखडे करण्याच्या वर्गात, काँक्रीट आणि काचेच्याच इमारती आखल्या. देशज, म्हणजे त्या त्या प्रदेशात परंपरेने घडलेली वास्तुकला केवळ इतिहासाच्या पेपरपुरती उरली आहे का?

उत्तर : तशी ती उरली आहे खरी, पण हा दोष त्या घरांचा नसून आपण ती शिकवतो त्या पद्धतीचा आहे. भिंत ४५ सेंटीमीटर जाड असल्याची नोंद तुम्ही केली असेल. ती तेवढी जाड का, हे कोणी विचारले का? मातीच्या जाड भिंतीतून दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत कित्येक तास उलटतात, त्यामुळे दुपारी खोली थंड राहते आणि बाहेर गारठा पडल्यावर तीच भिंत ऊब देते. मात्र हे गणित दिवसा-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या कोरड्या हवेतच जुळते. उष्ण आणि दमट प्रदेशात हीच भिंत ऐन झोपेच्या वेळी तापलेली असेल; तेथे हलक्या भिंती, लांब वळचण आणि आरपार वारा हवा. घ्यायचे ते कारण, रूप नव्हे.

कच्छमधला भुंगा, म्हणजे तिथले मातीचे गोल घर, तर मी स्ट्रक्चर्सच्या, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तासालाच शिकवीन. २००१ च्या भूकंपात नीट बांधलेले अनेक भुंगे तगले, कारण गोल भिंतीत ताण एकवटायला कोपरे नसतात आणि छप्परही हलके असते. त्याच वर्षी बुर्किना फासोमधील गांडो गावात वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांची शाळा उभी राहिली. तिच्या विटा थोडे सिमेंट मिसळलेल्या मातीच्या आहेत. पत्र्याचे छप्पर मात्र पोलादी सांगाड्यावर उचलून धरले आहे, म्हणजे खालच्या छताशी साठणारी गरम हवा मधल्या पोकळीतून निघून जाते. पोलाद काही गावच्या परंपरेतले नव्हे, तरीही ही शाळा मला अस्सल देशज वाटते.

उलट, वास्तुविशारद हसन फाथी यांनी १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये उभारलेल्या न्यू गुर्ना या वसाहतीत मातीचे सुरेख घुमट होते, तरी ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांपैकी बहुतेक ग्रामस्थ तेथे राहायला गेले नाहीत. त्यांची उपजीविका जुन्या वस्तीजवळच्या प्राचीन थडग्यांशी बांधलेली होती, आणि घुमट म्हणजे मृतांची वास्तू असेही त्यांच्यापैकी अनेकांना वाटे. फाथींची तळमळ निर्विवाद होती. पण घर कोणाचे, हा प्रश्न साहित्य आणि तंत्र यांच्या आधी येतो.

पुढच्या दौऱ्यात टेपबरोबर तापमापकही न्या. सकाळी, दुपारी आणि रात्री, आत आणि बाहेर, नोंदी घ्या. भिंतींचे लिपण दरवर्षी कोण करते, त्याला किती दिवस लागतात, पावसाळ्यात भिंत कोठे ढासळते, हे घरातल्या बाईंना विचारा, कारण या बांधकामाच्या मर्यादा त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. त्या नोंदी स्टुडिओतल्या पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्याच शीटवर लावा आणि ज्यूरीसमोर, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, आपल्या खिडकीची जागा त्यांच्याच आधाराने सिद्ध करा.